सिस्टरले काय झालं?

माझ्या आजाराचं पहिलं निदान माझ्या काकूने केलं. तिच्या मते मला बाहेरचं लागलं होतं.

चुलतभावाच्या लग्नासाठी आम्ही माझ्या माहेरी, बाभुळगावजवळच्या खेड्यात गेलो होतो. मी, माझे मिस्टर नितीन आणि आमची मुलगी ईश्वरी. ती तेव्हा आठवीत होती. हळदीच्या दिवशी सकाळपासून मला जांभयांवर जांभया यायला लागल्या. मग नाक वाहू लागलं, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. मे महिना, मांडवात बायका घामाने निथळत होत्या आणि मी शाल पांघरून भिंतीला टेकून बसले होते. दुपारपर्यंत पोट बिघडलं. पायांत तर असं काही सुरू झालं की ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुखणं म्हणावं तर दुखणं नव्हतं. पाय जागेवर राहायलाच तयार नव्हते, आणि हलवले तरी समाधान नव्हतं.

काकू म्हणाली, काल दिवेलागणीला ही नाल्याकडून आली, केस मोकळे सोडून. तिने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. माझ्या भावाचं म्हणणं, वांग्याची भाजी बाधली. मी स्वतः नर्स. पांढरकवड्याच्या एका खाजगी दवाखान्यात लग्नाआधीपासून काम करत होते. मी सांगितलं, डेंग्यू असेल. भावाने मला गाडीवर मागे बसवून बाभुळगावला नेलं, रक्त तपासलं. डेंग्यू नव्हता. मग मी म्हटलं, टायफॉइड. तोही नव्हता. लॅबवाल्या पोराने विचारलं, सिस्टर, आता कायचं पाहू?

आता मी कधीकधी अशा आजाराच्या बायकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलते. हा प्रसंग सांगितला की एक प्रश्न हमखास येतो. ताई, तुम्ही नर्स, तुम्हाला खरंच समजलं नव्हतं?

याचं उत्तर मला देता येत नाही. अशी लक्षणं असलेले पेशंट मी वॉर्डात पाहिले होते. एका ट्रक ड्रायव्हरला काय झालंय ते तर मीच ओळखलं होतं, डॉक्टर यायच्या आधी. पण ते सगळं त्याचं होतं. मांडवात बसलेल्या बाईचं आणि त्याचं काही नातं असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं? सुट्टीला निघताना मी बॅगेत दवाखान्यातलं काहीच टाकलं नव्हतं. मला त्याची गरज नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्याला गरज नसते तो असा विचारच करत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

पाठ

सुरुवात पाठीपासून झाली. बेशुद्ध पेशंटला स्ट्रेचरवरून बेडवर घेताना वॉर्डबॉयचा हात सुटला आणि सगळं वजन माझ्यावर आलं. कमरेत काहीतरी सरकलं. एक्स-रे झाला, पट्टा लावला, आराम सांगितला. आराम कोण देणार? दोन सिस्टर मिळून आम्ही सगळा वॉर्ड सांभाळत होतो. मग दुखणं थांबवायचं इंजेक्शन लिहून दिलं, थोड्या दिवसांसाठी.

त्या इंजेक्शनाने पाठ थांबली, आणि पाठीसोबत दुसरंही बरंच थांबलं. घरी गेल्यावरची भांडी, ईश्वरीचा अभ्यास, मामाजींचा रक्तदाब (मामाजी म्हणजे माझे सासरे), नितीनचं हायवेवरचं स्पेअर पार्टचं दुकान, हे सगळं होतं तिथेच, पण थोडं दूर सरकून. मी वॉर्डात धावत होते आणि दमत नव्हते. पेशंट म्हणायचे, सिस्टर किती हसतमुख आहेत. चिठ्ठीवरचे दिवस संपले तरी पाठ दुखतच होती. निदान मला तसं वाटत होतं. पेशंटला देऊन उरलेलं औषध टाकून द्यायचं असतं. ते मी टाकत नव्हते.

एवढंच लिहिते. कसं, किती, कुठे, हे लिहून कोणाचं भलं होणार नाही.

यवतमाळ

लग्न लागलं तेव्हा मी आतल्या खोलीत जमिनीवर लोळत होते. वरात निघाली आणि नितीन मला घेऊन यवतमाळला आले. ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्या वयस्कर होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होता. मे महिन्यात. त्या ब्लाउजकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि काहीच विशेष नसल्यासारखं विचारलं, "सिस्टर, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?"

माझ्याआधी नितीनच बोलले. त्यांना मदत करायची होती. "मागं पायाले खिळा लागला होता तिच्या, तवा टीटीचं घेतलं होतं डॉक्टर. तेच ना?" त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं.

डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांनी मलाच बोलू दिलं. आजही आठवतं, खोलीत कूलरचा आवाज होता आणि नितीन माझ्या तोंडाकडे पाहत होते, टीटीला मी हो म्हणेन याची वाट बघत. मी म्हटलं, "ते नाही." पुढे सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. हा आजार आहे, याला उपचार आहे, नागपूरला सोय आहे, आणि एकटीने घरी सोडवायचा प्रयत्न करू नका. त्यांनी मला शेवटपर्यंत सिस्टर म्हणूनच हाक मारली. तेवढ्यानेही मला रडू आलं.

त्या दिवशी मला हायसं वाटलं की लाज, हे अनेकजण विचारतात. मला वाटलं, ही बाई दुसऱ्या कोणाबद्दल बोलते आहे. आणि त्याच वेळी वाटलं, चला, डेंग्यू नाही. दोन्ही एकदम.

परतीच्या वाटेवर नितीनने पानठेल्यापाशी गाडी थांबवली. खर्रा घेतला आणि त्याची प्लास्टिकची पन्नी तळहातावर धरून बराच वेळ घोटत उभे राहिले. आमच्याकडे हे रोजचं आहे. सुपारी, तंबाखू, चुना. पोरं दहावीतच शिकतात. गाडीत बसून त्यांनी चिमूट गालात ठेवली आणि विचारलं, "मले एक सांग. मजा येते का तुले त्याच्यात?"

पहिले येत होती, मी म्हटलं. आता येत नाही. आता फक्त असं होऊ नये म्हणून घेते.

"मंग कायले घेते?"

मी उत्तर दिलंच होतं. त्यांना ते उत्तर वाटलं नाही. त्यांनी गाडी सुरू केली. त्यांच्या गालातल्या खर्ऱ्याकडे बोट दाखवावं असं माझ्या मनात आलं होतं, पण त्या क्षणी मला तो अधिकार आहे की नाही, ते समजेना.

दवाखान्याने काय केलं

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना नितीननेच जाऊन सांगितलं. मला वाटलं, पोलीस येतील. डॉक्टरांनी मला घरी निरोप पाठवला की तब्येतीच्या कारणाने राजीनामा द्या, बोभाटा नको. माझी नोंदणी रद्द व्हावी म्हणून त्यांनी कुठे कळवलं नाही. मी बरी व्हावी म्हणूनही काही केलं नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या पेशंटांची चौकशी केली नाही. मी त्यांचे आभार मानायला हवेत की त्यांच्यावर रागवायला हवं, हे मी पुष्कळ दिवस ठरवत होते. त्यांनी मला वाचवलं असं नितीन म्हणतात. त्यांनी स्वतःला वाचवलं असं माझं मन म्हणतं. दोन्ही खरं असेल.

मी पेशंट

नागपूरच्या त्या केंद्रात पुरुषांचे दोन मोठे हॉल होते आणि बायकांसाठी मागच्या बाजूला एक खोली. खोलीत माझ्यासोबत वर्ध्याच्या एक काकू होत्या. त्यांचा आजार झोपेच्या गोळ्यांचा. पहिले दिवस कसे गेले ते विचारू नका. काकू माझे पाय दाबून द्यायच्या. त्यांची माझी ओळखसुद्धा नीट झाली नव्हती. त्या आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत पाय दाबत बसायच्या आणि मी त्या तक्रारींना धरून तो वेळ काढायची. सून चहात साखर कमी टाकते, हे मी किती वेळा ऐकलं असेल.

सकाळी गोळ्या द्यायला एक तरुण सिस्टर यायची. गोळी दिली की म्हणायची, तोंड उघडा, जीभ वर करा. हेच वाक्य मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना म्हटलं होतं, आणि त्यात काही अपमान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिलाही वाटत नव्हतं. मी जीभ वर केली की ती पुढच्या बेडकडे वळायची. तिचा राग करावा असं तिने काहीच केलं नव्हतं, तरी मला तिचा राग यायचा. आणि तिच्या हातातल्या ट्रेकडे पाहिलं की आपोआप मनात यायचं, हिने गोळ्यांचे कप उलट्या क्रमाने लावलेत.

थोडं बरं वाटायला लागल्यावर मी व्हरांड्यात बसायला लागले. भेटायला आलेले लोक सरळ माझ्याकडेच यायचे. सिस्टर, भेटायची वेळ काय? सिस्टर, आमच्या पेशंटले फळं चालतील का? साध्या साडीत होते मी, पण बसण्यात काहीतरी असेल. मी वेळ सांगायची. फळं चालतील म्हणून सांगायची. एकदा समुपदेशक बाईंनी ते ऐकलं. गटात त्यांनी मला म्हटलं, स्वतःची ओळख करून द्या. इतर जण म्हणत होते, मी अमुक, मी व्यसनी आहे. मी म्हटलं, मी प्रणिता, मी नर्स आहे. त्या थांबल्या. मी पुढे काही म्हणावं याची सगळेच वाट पाहत होते. दुसरं वाक्य माझ्या तोंडून निघायला बरेच दिवस गेले. आणि ते निघालं तेव्हा पहिलं वाक्य खोटं पडल्यासारखं वाटलं. आता मी दोन्ही एका दमात म्हणते. तेव्हा जमत नव्हतं.

मामाजी एकदा एकटेच आले, एसटीने. ते निवृत्त पोस्टमास्तर. घरात माझ्याशी मोजकं बोलणारे. मी आजारी पडल्यावर त्यांनी एकच वाक्य म्हटल्याचं नितीनने सांगितलं होतं, "आपल्या घरात असं कोणी नाही." केंद्राच्या फाटकावर तंबाखू आत नेऊ देत नाहीत. चौकीदाराने त्यांचा खर्रा काढून ठेवून घेतला. मामाजी माझ्यासमोर बाकावर बसले. ईश्वरीच्या परीक्षेचं सांगितलं, तुरीचे भाव सांगितले. मग त्यांचं बोलणं तुटायला लागलं. खिशात हात जायचा, रिकामा बाहेर यायचा. पाय हलायला लागला. दोनदा उठून फाटकाकडे पाहून आले. मला वाटलं, सुनेला अशा ठिकाणी पाहून त्यांना कसंतरी होत असेल.

"मन नाही लागून राह्यलं मायं," ते म्हणाले. "डोकं भणभणते. अर्धा घंटाबी नाही झाला." आणि म्हणता म्हणता थांबले. स्वतःच्या हलणाऱ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुले असंच होते का व?"

"याच्यापेक्षा जास्त, मामाजी."

त्यानंतर त्यांनी पाय हलतोय ते लपवलं नाही, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत उठलेही नाहीत. जाताना फाटकावर त्यांनी चौकीदाराकडून खर्रा परत मागून घेतला, तिथेच उभ्याने तोंडात टाकला आणि मागे वळून मला हात केला. त्यांनी खर्रा सोडला असं लिहायला मला आवडलं असतं. सोडला नाही. पण "आपल्या घरात असं कोणी नाही" हे वाक्य त्यांनी परत कधी म्हटलं नाही.

पांढरकवड्यात

मी नागपूरला असताना गावात माझ्या आजाराचे बरेच प्रकार झाले. कोणी म्हणे, सिस्टर दारू पिते. कोणी म्हणे, दवाखान्यातली औषधं बाहेर विकत होती. नितीनच्या दुकानासमोरच्या पानठेल्यावर एकाने, खर्रा घोटता घोटता, सांगितलं म्हणे की अशा बायांना भर चौकात उभं केलं पाहिजे. आणि सगळ्यात जास्त चाललेलं हे: सिस्टर औषध स्वतः घ्यायची आणि पेशंटले पाणी टोचायची.

ईश्वरीला शाळेत विचारायला लागले. ती मला भेटायला आली तेव्हा तिने वहीत प्रश्न लिहून आणल्यासारखं एकदम विचारलं, "आई, मी काय सांगू?" मी म्हटलं, आजारी आहे म्हण. "कोणता आजार, असं विचारतात." शेवटी तिने आपल्या मनाने ठरवलं आणि सगळ्यांना सांगितलं, आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं.

त्यामुळे मी परत आले तेव्हा मोठा घोळ झाला. शेजारच्या बायका डाळिंबं आणि नारळपाणी घेऊन पाठ पाहायला आल्या. टाके किती, विचारायला लागल्या. मी वाकून चप्पल उचलली तर एक जण ओरडली, वाकू नका. त्याच बायकांनी नशेची गोष्टही ऐकलेली होती, हे मला माहीत होतं. त्यांना कोणती खरी वाटत होती? मला वाटतं, दोन्ही. डाळिंब देताना ऑपरेशन, आणि घरी परतताना दुसरी. एकीने जाताना पाहिलं, घरच्यांनी कपाटाला कुलूप लावलंय का.

आमच्या गल्लीत एक माणूस रोज दारू पिऊन पडतो. लोक त्याला उचलून घरी नेतात, बिचारा म्हणतात. मी एकदा चिडून नितीनला म्हटलं, त्याला बिचारा आणि मला चौकात उभं करायचं, हा कुठला न्याय? नितीन म्हणाले, "तो पेशंटले हात नाही लावत, प्रणिता."

मला ते लागलं. पण त्यांचं चुकत कुठे होतं, हे मला सापडलं नाही. लोक निर्दय होते, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते मला अजून नीट येत नाही. बाई असल्यामुळे मला जास्त बोललं गेलं, हे खरं. पण सुईवर विश्वास ठेवून दंड पुढे करणारा माणूस घाबरेल, हेही खरं.

इंजेक्शनाच्या जवळ जायचं नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात लागले. तिथे शेक देतात, व्यायाम करून घेतात. मालकांना मी आधीच सगळं सांगितलं. त्यांनी एक दिवस विचार केला आणि या म्हणाले. दात काढायची वेळ आली तेव्हाही मी खुर्चीवर बसायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, दुखण्याचं कोणतं औषध मला चालणार नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तेवढं सोसावं लागतं. लपवण्यापेक्षा सोपं जातं, हे माझ्यासारख्या ज्या कोणी वाचत असतील त्यांना सांगते.

पंचफुलाबाई

दिवाळी आटोपल्यावर एका दुपारी घरी एक बाई आली. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी. तिने चप्पल बाहेर काढली आणि आत न येता उंबऱ्यापाशी उभी राहिली. मी तिला ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं, पंचफुला. घाटंजीच्या रस्त्यावरचं गाव. तिचा नवरा उन्हाळ्यात आमच्या दवाखान्यात होता, तोंडाचा कॅन्सर. शेवटी घरी नेला आणि तिथे गेला.

मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली नाही.

"मले एकच गोष्ट पुसायची आहे," ती म्हणाली. "घरी न्यायच्या आदल्या दिवशी त्याले लय तरास होता. दुपारी सिस्टरनं येऊन टोचलं. तरी दिवस बुडेपर्यंत कण्हत राह्यला तो. लोक म्हणतेत तुमी पाणी टोचत होत्या. त्याले औषध भेटलं होतं का पाणी?"

याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. त्या कॅन्सरचं दुखणं अशा इंजेक्शनाला नेहमीच दाद देत नाही. पूर्ण औषध मिळूनही माणूस कण्हू शकतो. हे खरं आहे. ते सांगितलं असतं तर ती उठून गेली असती. मी पाणी कधीच टोचलं नाही, हेही मला माहीत होतं. मी फक्त उरलेलं घेत होते. पण किती उरवायचं हे ठरवणारी मीच होते. सुरुवातीला खरोखर उरायचं तेवढंच. शेवटच्या महिन्यांत काय होत होतं, याची मला खात्री देता येत नव्हती. आणि तिचा नवरा तर मला आठवतच नव्हता. त्याचा चेहरा आणण्याचा मी खूप प्रयत्न केला. आला नाही.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

"आठवत नाही का सांगत नाही?"

आठवत नाही, मी परत म्हटलं. पाणी मी कोणालाच टोचलं नाही, पण कमी दिलं नसेल असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून निघून गेली. पाण्याचा पेला तसाच होता.

नितीनला सांगितलं तर ते चिडले. असं कबूल करतात का कोणी, उद्या तिने तक्रार केली तर? मला ते समजत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी माधुरीकडे गेले. माधुरी माझ्यासोबतची सिस्टर, अजून त्याच दवाखान्यात आहे. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी पंचफुलाबाईच्या नवऱ्याचं विचारलं. ती लगेच म्हणाली, तो पेशंट घरी गेला तेव्हा तू होतीच कुठे? तू लग्नाला गेलती, बाभुळगावला. त्याला टोचणारी मी होते, आणि पूर्ण औषध टोचलं.

मला एकदम हलकं वाटलं. त्या दुपारबद्दल सांगताना पंचफुलाबाईने "सिस्टरनं" म्हटलं होतं. "तुमी" म्हटलं नव्हतं. पण लगेच दुसरं काही मनात आलं. मी माधुरीला विचारलं, नक्की तोच आठवडा होता का? कागद पाहता येईल का? ती मान वर न करता म्हणाली, "कायले उकरते आता? मी सांगून राह्यली ना." काड्या एकीकडे, पानं एकीकडे. तिचा हात थांबला नाही आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाने तरी काय सांगितलं असतं? कागद आम्हीच भरत होतो.

माधुरीने खरं सांगितलं की माझ्यावर दया केली, हे मला कळलं नाही. दोन्हीसाठी ती तशीच मान खाली घालून मेथी निवडत बसली असती.

मी एसटीने पंचफुलाबाईच्या गावी गेले. नितीनला सांगून गेले. ते फक्त एवढंच म्हणाले की परतीची गाडी चुकवू नको. घरी कोणी नव्हतं. शेजारणीने सांगितलं, कापूस वेचायला गेली. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत मी शेतात पोचले. ती कमरेला ओटी बांधून कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात वाकलेली होती, आणि मला पाहूनही वाकलेलीच राहिली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. माधुरी म्हणते, त्या दिवशी मी तिथे नव्हते, तिनेच टोचलं आणि औषधच टोचलं. पण माधुरी माझी मैत्रीण आहे. माझी बाजू घेऊनही ती तसं बोलली असेल. मला माहीत नाही. मला जेवढं माहीत झालं तेवढं सांगायला आले.

ती वेचत पुढे सरकली. मग म्हणाली, "हे तुमी मैत्रिणीचं सांगितलं नसतं तं मी मानलं असतं."

"हो."

"मंग काहून सांगितलं?"

मी म्हटलं, "मलाच समजत नाही." 

ती सरळ उभी राहिली. हातातल्या बोंडाचा कापूस ओटीत टाकला, बोटांना लागलेली वाळक्या पानांची पत्ती झटकली. "लोक म्हणतेत तुमाले जेलात टाका. मायी पोरगी म्हणते, बिमारी आहे, सोडून दे," ती म्हणाली. "मले नाही समजून राह्यलं, सिस्टर. तुमच्यावर राग धरू का नोको धरू. तो तं गेला. त्याले काय भेटलं, ते त्याले मालूम."

मी तिच्या शेजारच्या तासात शिरले आणि वेचायला लागले. माझी पाठ फार वेळ वाकू देत नाही, म्हणून मी मध्येमध्ये गुडघ्यावर टेकत होते. तिने नको म्हटलं नाही. मी कापसात पत्ती तशीच ठेवते, हे तिने एकदा दाखवून दिलं. त्यापलीकडे आम्ही बोललो नाही. माझ्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी वेचलेला कापूस तिच्या ओटीत रिकामा केला आणि निघाले.

धुऱ्यापर्यंत गेले तेव्हा तिने मागून आवाज दिला. "आणखी येजा," ती म्हणाली. "समजलं तं सांगीन."

तेव्हापासून मी अधूनमधून जाते. वेचणी असली तर वेचते, निंदण असलं तर निंदते, नाहीतर तिच्या अंगणात बसते. माझ्या घरचं पाणी ती प्यायली नव्हती, पण आता तिच्या घरचं पाणी ती मला देते. राग धरायचा की नाही, हे तिने अजून सांगितलेलं नाही.